राणीचे शेत

सह्याद्रीच्या पायथ्याशी, कर्जत रेल्वे स्थानकाला लागून भिसेगाव वसलेले आहे. जवळूनच उल्हास नदी वाहते. मृगाच्या सरी कोसळल्या, की या भागातील शेतकऱ्याला क्षणाची उसंत मिळत नाही. राब भाजलेल्या जमिनीत तो भाताचे बी पेरतो. रोपे वाढली म्हणजे चिखल करून लावणी करतो. परंतु या साऱ्या कष्टांच्या आधी त्याला एक चिंता असते, ती बियाण्याची. नांगर उसना मिळेल, बैल भाड्याने आणता येतील. पण बीच नसेल, तर पाऊस कितीही बरसला तरी त्याचा उपयोग काय? म्हणूनच घरोघरी बियाण्याचे धान्य निराळे राखून ठेवण्याची रीत होती. म्हणूनच कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रातही भाताच्या उत्तम वाणांसाठी इतके परिश्रम घेतले जातात.

याच दिवसांत, याच मातीच्या पोटात, आणखी एक शेतकरी आपला संसार मांडीत असतो. त्याला नांगर ठाऊक नाही, बैल ठाऊक नाहीत. त्याच्या घरातील कष्टकऱ्यांना तर डोळेही नाहीत. तरीसुद्धा तो पीक काढतो, तण उपटतो, खत घालतो आणि हजारो तोंडांना पोसतो. हा शेतकरी म्हणजे वाळवी होय.

वाळवीचे नाव ऐकताच तुमच्या कपाळावर आठी उमटली असेल. दाराची चौकट पोखरणारी, पुस्तकांची माती करणारी वाळवी सर्वांच्या परिचयाची आहे. पुष्कळ लोक तिला ‘पांढरी मुंगी’ म्हणतात. परंतु ती मुंगी नव्हे. मुंगीचे नाते मधमाशीशी आणि गांधीलमाशीशी आहे, तर वाळवीचे नाते झुरळाशी आहे. माळावर जी मातीची वारुळे दिसतात, ती बहुधा वाळवीनेच बांधलेली असतात. नाग तेथे राहावयास येतो तो मागाहून. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केलेली नाही!

वारुळातील सर्वच वाळव्या सारख्या नसतात. बहुसंख्य असतात त्या कामकरी. बांधकाम, अन्न आणणे, पिलांचे संगोपन ही सर्व कामे त्या करतात. काही सैनिक असतात. त्यांचे डोके मोठे व जबडे धारदार असतात. आणि वारुळाच्या खोल भागात, टणक मातीच्या एका लहानशा दालनात, राजा आणि राणी राहतात. राणीचे पोट अंड्यांनी फुगून बोटाएवढे होते. तिला धड चालताही येत नाही. दिवसाला हजारो अंडी घालणे हेच तिचे काम. तिला भरविणे, तिचे अंग पुसणे, अंडी उचलून नेणे हे सारे कामकरी करतात. राणी म्हणवून घेणारी ही माता खरोखर कोणावरही हुकूम चालवीत नाही.

महाराष्ट्रात ‘ओडोंटोटर्मिस’ कुळातील वाळव्या सर्वत्र आढळतात. या कुळाचे वैशिष्ट्य असे, की त्या लाकूड व पालापाचोळा गोळा करतात, परंतु केवळ त्यावर त्यांचा निर्वाह होत नाही. लाकडातील कठीण भाग त्यांना स्वतःच्या बळावर नीट पचविता येत नाही. मग त्या काय करतात? चावून गिळलेला पालापाचोळा त्यांच्या पोटातून लवकरच लहान गोळ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. त्या गोळ्यांत बुरशीचे सूक्ष्म बीजाणू मिसळलेले असतात. कामकरी वाळव्या हे गोळे एकावर एक रचून अक्रोडाच्या गरासारखा सुरकुतलेला, सच्छिद्र पिंड तयार करतात. हेच त्यांचे शेत. या शेतावर बुरशी वाढते, कठीण पदार्थ मऊ करते आणि तिच्यावर खसखशीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या अशा पांढऱ्या गाठी येतात. या गाठी हे वाळवीचे पौष्टिक अन्न होय. शेताचा जुना, मुरलेला भागही त्या खातात व वरच्या बाजूस नवे गोळे रचीत जातात. अशा रीतीने एकीकडे कापणी आणि दुसरीकडे पेरणी अखंड चालू राहते. या बुरशीला शास्त्रज्ञ ‘टर्मिटोमायसिस’ म्हणतात. वाळवीच्या आश्रयावाचून ती निसर्गात कोठेही वाढताना दिसत नाही.

शेत म्हटले, की राखण आली. बुरशीच्या शेताला ओलावा हवा, उष्णता बेताची हवी आणि कोंदट हवा बाहेर जावयास हवी. वारुळाची रचना हे काम साधते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात भारतातील वारुळांच्या आत हवा कशी खेळते, हे मोजण्यात आले. दिवसा वारुळाच्या बाहेरील कडा लवकर तापतात. तेथील हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते. रात्री कडा लवकर थंड होतात आणि हवेचा प्रवाह उलट फिरतो. दिवस आणि रात्र यांच्या उष्णतेतील फरकावरच वारूळ जणू श्वासोच्छ्वास करीत असते.

राखणीचे दुसरे अंग म्हणजे निंदणी. वाळवीच्या शेतातही तण उगवते. ते म्हणजे दुसऱ्या जातीची बुरशी. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रेनी बोर्जेस व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली असे दाखवून दिले, की वाळव्या वासावरून आपले पीक व तण यांतील भेद ओळखतात आणि तणाची बुरशी मातीखाली गाडून टाकतात. ही राखण किती आवश्यक आहे, हे एका साध्या गोष्टीवरून कळते. वारुळातील शेताचा तुकडा वाळव्यांवाचून काचेच्या भांड्यात ओलसर ठेवला, तर थोड्याच दिवसांत त्यावर परकी बुरशी माजते आणि मूळ पीक नाहीसे होते. धनी उठून गेला, की शेताचे रान व्हावयास वेळ लागत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. नवे वारूळ सुरू करणाऱ्या राणीला या पिकाचे बी कोठून मिळते?

पावसाच्या आरंभी एखाद्या सायंकाळी दिव्याभोवती पंखांचे किडे झुंडीने जमलेले आणि सकाळी अंगणात पंखांचा खच पडलेला तुम्ही पाहिला असेल. वारुळातून बाहेर पडलेले ते वाळवीचे राजपुत्र आणि राजकन्या होत. कावळे, साळुंक्या, पाली, बेडूक, वटवाघळे या सर्वांची त्या दिवशी मेजवानी असते. हजारोंतून फार थोडी जोडपी वाचतात. जमिनीवर उतरताच ती आपले पंख झाडून टाकतात. मादी पुढे, नर तिच्या मागे, अशी जोडी जागा शोधीत चालते. मऊ माती सापडली, की दोघे मिळून लहानशी खोली खणतात आणि आतून तोंड बंद करून घेतात. मुंग्यांमध्ये नर मीलनानंतर मरून जातो. वाळवीत मात्र राजा आणि राणी आयुष्यभर एकत्र नांदतात.

बंद खोलीत पुढे काय घडते, हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी अशी जोडपी प्रयोगशाळेत पाळली आहेत. काचेच्या भांड्यात चाळलेली ओलसर माती घालावयाची, त्यात पंख झाडलेली एक जोडी सोडावयाची आणि भांडे अंधारात ठेवावयाचे, एवढीच त्याची सिद्धता. माती सुकली तर जोडी मरते. पाणी अधिक झाले तरी मरते. वारंवार हलविले, प्रकाश दाखविला, तरी संसार मोडतो. तेव्हा पाळणाऱ्याच्या अंगी सर्वांत मोठा गुण हवा तो म्हणजे धीर.

या काळात राजा-राणी बाहेरचे अन्न आणावयास जात नाहीत. अंगात साठविलेली चरबी आणि आता निरुपयोगी झालेले पंखांचे स्नायू हीच त्यांची शिदोरी. राणी थोडी अंडी घालते. काही आठवड्यांनी त्यांतून पिले निघतात. आईबाप आपल्या मुखातील रसावर त्यांना वाढवितात. सुमारे दोन महिन्यांच्या आसपास पहिले कामकरी तयार होतात. उष्णतेप्रमाणे आणि जातीप्रमाणे हा काळ कमी-अधिक होतो. येथपर्यंत सारे सुरळीत चालते. मात्र याच वेळी खरी परीक्षा येते. शिदोरी संपत आलेली असते, खाणारी तोंडे वाढलेली असतात आणि घरात शेत नसते! कामकऱ्यांपुढे पाने आणि लाकूड ठेवले, तरी बीजाणूंवाचून शेत उभे राहात नाही आणि नवा संसार काही काळाने नष्ट होतो. म्हणून पाळणारा या वेळी जुन्या वारुळातील शेताचा तुकडा किंवा अळंबीचे बीजाणू भांड्यात ठेवतो. ते मिळाले, तरच राणीचे राज्य पुढे चालते.

रानात हे बी कोण आणून देतो? तेथे हे काम पाऊस करतो. पावसाळ्यात जुन्या वारुळातील शेतांतून बुरशीचे लांब दांडे वर निघतात. त्यांच्या टोपीचे टोक भाल्याच्या अग्रासारखे टणक असते. ते माती भेदून बाहेर येते. मग टोपी छत्रीसारखी उघडते. हीच आपल्या ओळखीची वारुळावरची अळंबी. गोव्यात वारुळाला ‘रोयण’ म्हणतात, आणि तेथेही वारुळावरच्या अळंबीची सर्वजण आतुरतेने वाट पाहतात. टोपी उघडली, की तिच्या खालच्या पडद्यांतून असंख्य बीजाणू गळतात आणि पालापाचोळ्यावर पडतात. जूनमध्ये बंद झालेल्या खोल्यांतून पहिले कामकरी बाहेर पडतात, तेही पावसाळ्याच्या उत्तरार्धात. त्यांनी उचललेल्या पाचोळ्याबरोबर बी आपोआप घरात येते. आई-बापांनी रिकाम्या हाताने मांडलेल्या घरात मुले शेत आणतात!

याच प्रश्नाचे अगदी निराळे उत्तर पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस सापडते. मध्य व दक्षिण अमेरिकेत पाने कापणाऱ्या मुंग्या आहेत. त्या भारतात आढळत नाहीत. हिरव्या पानांचे तुकडे डोक्यावर धरून चाललेल्या त्यांच्या रांगा पाहून फार दिवस लोकांना वाटे, की या मुंग्या पाने खातात. १८७४ साली टॉमस बेल्ट या इंग्रज अभियंत्याने निकाराग्वा देशातील आपल्या निरीक्षणांवरून सांगितले, की पाने हे खत आहे. मुंग्यांचे पीक आहे ते बुरशीचे. पुढे १८९३ साली आल्फ्रेड म्योलर याने ब्राझीलमध्ये या शेतीचा सविस्तर अभ्यास केला. येथे अभिमानाने सांगावयास हवे, की वाळवीच्या बुरशीची नोंद याच्याही पुष्कळ आधी आपल्या देशात झाली होती. तंजावर मुलखातील तरंगमबाडी येथे राहणाऱ्या योहान केनिग या वैद्याने १७७९ साली दक्षिण भारतातील वाळवीवर निबंध प्रसिद्ध केला. त्या वेळी तंजावरच्या गादीवर भोसले घराणे होते.

पाने कापणाऱ्या मुंगीची राजकन्या माहेर सोडताना रिकाम्या हाताने निघत नाही. तिच्या मुखाच्या आत एक लहानशी पिशवी असते. त्या पिशवीत ती माहेरच्या शेतातील बुरशीची चिमूटभर गोळी ठेवते. ही गोष्ट १८९८ साली हेरमान फोन इयरिंग याने शोधून काढली. मीलनानंतर राणी पंख टाकते, एकटीच जमिनीत बीळ खणते आणि ती गोळी बाहेर काढून ठेवते.

पुढील वृत्तान्त समजला तो राणी पाळल्यामुळेच. १९०५ साली ब्राझीलमधील पारा येथे याकोब हूबर याने अशा राण्यांचे बंदिस्त जागेत बारकाईने निरीक्षण केले. त्याला दिसले, की राणी बुरशीचा लहान तुकडा तोडते, आपल्या विष्ठेच्या थेंबाने तो भिजविते आणि पुन्हा जागेवर लावते. घरात दुसरे खत नाही; म्हणून ती आपल्या देहातूनच खत देते. ती स्वतः मात्र त्या शेतातील घासही खात नाही. आपण घातलेल्या अंड्यांतील दहांपैकी सुमारे नऊ अंडी ती स्वतःच खाऊन टाकते आणि उरलेल्यांतून पहिली मुले वाढविते. सहा ते आठ आठवड्यांनी पहिल्या कामकरी मुंग्या तयार होतात. त्या पाने आणू लागल्या, की राणीची शेतीच्या कामातून सुटका होते.

आजही शास्त्रज्ञ आणि प्राणिसंग्रहालये या राण्या पाळतात. भांड्याच्या तळाशी प्लास्टरचा थर ओततात; तो ओलावा धरून ठेवतो. राणीला अंधारात, सारख्या उष्णतेत, एकटी सोडतात. रोज पाहावयाचे असते ते राणीकडे नव्हे, तर शेताकडे! बुरशी पांढरी व टवटवीत असेल, तर राणी कुशल आहे असे समजावे. बुरशी करडी पडून आकसू लागली, तर राणी धडधाकट दिसत असूनही तिचे भवितव्य संपले. अशा वेळी त्याच जातीच्या दुसऱ्या घरट्यातील बुरशीचा तुकडा तिला दिला, तर ती तो स्वीकारते व पुन्हा कामाला लागते. रानात मात्र असा उसना वाण कोण देणार? तेथे बहुसंख्य राण्या पहिल्या काही महिन्यांतच नाश पावतात. या मुंग्या अमेरिकेत पिकांचे मोठे नुकसान करतात. तेव्हा परक्या देशात त्या आणणे किंवा सोडणे हे अविचाराचे आहे, हेही ध्यानात ठेवावे.

पाहिलेत ना, एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे! मुंगीची राणी माहेरचे बी प्राणापलीकडे जपून नेते. वाळवीची राणी पाऊस आणि माती यांच्यावर विश्वास ठेवते. वाळवीच्या काही जाती मात्र मुंगीसारखेच करतात. मायक्रोटर्मिस नावाच्या लहान वाळवीत मादीच बीजाणू बरोबर नेते, आणि आफ्रिकेतील एका जातीत तर ते काम नर करतो. माणूस शेती करू लागला त्याला सुमारे दहा हजार वर्षे झाली. वाळवीची शेती सुमारे ३ कोटी वर्षांची आहे, आणि मुंग्यांची त्याहूनही जुनी.

आता भिसेगावच्या माळाकडे पुन्हा दृष्टी टाकू. कर्जतच्या बाजारात ठाकर आणि कातकरी स्त्रिया पावसाळ्यात रानभाज्यांबरोबर अळंबीही विकावयास आणतात. अळंबी ही त्यांच्या कष्टांची कमाई आहे आणि ती त्यांना मिळालीच पाहिजे. धिंगरी नावाची अळंबी माणूस भाताच्या पेंढ्यावर पिकवितो. परंतु वारुळावरची अळंबी अशी शेतावर पिकविणे त्याला अजून साधलेले नाही. ती हवी तर वारूळच हवे. आणि येथे एक अडचण उभी राहते. बाजारात न उघडलेल्या, कोवळ्या कळ्यांना मागणी अधिक. परंतु न उघडलेल्या टोपीतून बी गळलेले नसते. एकूण एक कळी खुडून नेली, किंवा पहारीने खणून शेतच उकरले, तर त्या वर्षीच्या नव्या राण्यांच्या मुलांना बी कोठून मिळणार? शिवाय माळ सपाट करून जेथे घरे आणि बंगले उठतात, तेथे तर वारुळासकट सारेच संपते.

वाळवी घरात शिरली, तर तिचा बंदोबस्त केलाच पाहिजे. रानातील वाळवी मात्र मेलेले लाकूड व पाचोळा यांची माती करते आणि खालची माती वर आणून जमीन भुसभुशीत ठेवते. नागपंचमीला आपल्याकडील स्त्रिया वारुळाला दूध-लाह्या वाहतात. आपणही वारुळाचा मान निराळ्या रीतीने राखू शकतो. माळावरचे वारूळ कुतूहलाने फोडू नये. अळंबी खुडताना काही छत्र्या पूर्ण उघडू द्याव्यात. आणि जाणत्या माणसाने ओळखल्यावाचून कोणतीही अळंबी कधीही खाऊ नये. काही जाती विषारी असतात.

राणी मोठी, की तिचे शेत मोठे? काचेच्या भांड्यात राणी पाळणाऱ्यांना या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वेळी एकच मिळाले. ज्याने बी राखले, त्याचेच घर टिकले. भिसेगावच्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

अभ्यास

शब्दार्थ : उसंत – विसावा, निर्वाह – उपजीविका, सच्छिद्र – बारीक छिद्रे असलेला, बीजाणू – बुरशीचे सूक्ष्म बी, निंदणी – पिकातील तण काढणे, सिद्धता – तयारी, शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले अन्न, उत्तरार्ध – नंतरचा अर्धा भाग, वृत्तान्त – हकीकत.

प्रश्न :
१. वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हणणे चूक का आहे?
२. वाळव्या आपल्या शेताची राखण कोणकोणत्या प्रकारे करतात?
३. वाळवीची राणी आणि पाने कापणाऱ्या मुंगीची राणी यांना पिकाचे बी कसे मिळते, ते तुलना करून लिहा.
४. ‘रोज पाहावयाचे असते ते राणीकडे नव्हे, तर शेताकडे,’ असे लेखकाने का म्हटले आहे?
५. अळंबी खुडताना काही छत्र्या उघडू द्याव्यात, असे का सांगितले आहे?

उपक्रम : पावसाळ्यात आपल्या गावाजवळील एका वारुळाचे दुरून निरीक्षण करा. पंखांची वाळवी केव्हा उडाली, अळंबी केव्हा उगवली, याची दिनांकवार नोंद ठेवा.